विजेच्या हिशेबातली चंद्रपूरची बाकी

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण, वने आणि हवामान बदल मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राचा धूर, राख, खनिज निधी आणि जिल्ह्याच्या पुढील नियोजनाबाबत.

महोदय,

केंद्र सरकारने ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील सुमारे ७८ टक्के कोळसाधारित वीज संचांना धुरातील सल्फर डायऑक्साइड शोषून घेणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, बसवण्याच्या बंधनातून मुक्त केले. राजधानी परिसर आणि दहा लाखांहून अधिक वस्तीची शहरे यांच्या दहा किलोमीटर परिघातील संचांना ती डिसेंबर २०२७ पर्यंत बसवावी लागणार आहे. उरला तो मधला वर्ग. अतिप्रदूषित क्षेत्रांच्या किंवा हवेची मानके न पाळू शकलेल्या शहरांच्या परिघातील संच या वर्गात येतात आणि त्यांच्याबाबत तज्ज्ञ समितीमार्फत प्रत्येक प्रकरण तपासून निर्णय घेतला जाईल, असे अधिसूचना म्हणते. चंद्रपूर या दोन्ही निकषांत बसते. देशाने ज्या शहराची हवा दोन वेगवेगळ्या याद्यांत नापास ठरवली, त्याच्या उशाशी असलेल्या २९२० मेगावॉटच्या केंद्राला ही यंत्रणा हवी की नको, हा प्रश्न २०१५ साली मिटला होता. तो २०२५ साली पुन्हा उघडण्यात आला. हे निमूटपणे स्वीकारणे मला शक्य नाही. पत्र खुले ठेवले आहे, कारण चंद्रपूरची वीज ज्या ज्या घरात पोचते त्या प्रत्येक घराचा या हिशेबाशी संबंध आहे.

माझा संबंध सांगते. माझे वडील लालपेठच्या भूमिगत खाणीत कामगार होते, १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाआधी खासगी मालकाकडे आणि नंतर सरकारी कंपनीत. त्यांच्या पगारावर आम्ही भावंडे शिकलो. पुढे मी याच शहरात कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. माझे कित्येक विद्यार्थी आज ऊर्जानगरच्या वीज केंद्रात, खाणींत, गडचांदूर आणि आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांत, रेल्वेच्या कोळसा सायडिंगवर काम करतात. त्यामुळे कोळसा वाईट, वीज केंद्र बंद करा, असे सांगणारे हे पत्र नाही. या उद्योगाने माझ्या घराला आणि माझ्या शहराला काय दिले हे मी विसरलेली नाही. मात्र जे घेतले गेले त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही, आणि अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला ते पाहवत नाही.

ऊर्जाक्षेत्राचे अर्थव्यवस्थेतील स्थान इतर उद्योगांसारखे नसते. कापड महागले तर ग्राहक एखादा सदरा कमी घेतो. वीज महागली तर कापड, सिमेंट, पोलाद, पिठाची गिरणी, शीतगृह आणि विहिरीवरचा पंप, सगळ्यांचाच खर्च चढतो. म्हणून प्रत्येक सरकारला वीज स्वस्त हवी असते आणि ती इच्छा रास्तही आहे. आपल्या देशात आजही निर्माण होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशावर होते. २०२५ च्या मध्याला स्थापित क्षमतेतील बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष निर्मिती वेगळी. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर राज्यभर दिवे लागतात, त्या वेळी भार उचलतात ते कोळशाचेच संच. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशाचे कोळसा उत्पादन प्रथमच १०० कोटी टनांच्या पुढे गेले. रेल्वेच्या मालवाहतुकीत सर्वांत मोठा वाटा कोळशाचा आहे, आणि प्रवासी भाडे कमी ठेवण्याची रेल्वेची ताकद बऱ्याच अंशी या मालभाड्यातून येते. राज्यांना स्वामित्वधन, म्हणजे खनिजावरची रॉयल्टी, मिळते, केंद्राला कर मिळतो, कारखान्यांना वीज मिळते. इतक्या लोकांचे इतके काही एका काळ्या दगडावर अवलंबून आहे.

या साखळीत चंद्रपूर अगदी पहिल्या कडीला आहे. इंग्रजांच्या राजवटीत वरोऱ्याला खाण निघाली आणि तिच्यासाठी वर्ध्याकडून लोहमार्ग आला, तेव्हापासून हा जिल्हा देशाला इंधन पुरवतो आहे. १९८३ साली चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. पहिले दोन संच आता निवृत्त झाले. २०१६ साली ५०० मेगावॉटचे दोन नवे संच आले. महानिर्मितीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीच्या, एकूण औष्णिक क्षमतेपैकी सुमारे तीस टक्के क्षमता आज या एका केंद्रात आहे. ही वीज पुणे, मुंबई, नाशिक, मराठवाडा, कोकण असे न पाहता राज्याच्या जाळ्यात जाते. जावीच. आमचा आक्षेप तिच्या वाटपाला नाही, तिच्या किमतीला आहे.

दराच्या आदेशात या विजेची जी किंमत मांडली जाते, तीत कोळसा, वाहतूक, कर्जावरील व्याज, यंत्रांचा घसारा, पगार हे सगळे असते. यंत्र झिजते म्हणून त्याच्यासाठी दरवर्षी रक्कम बाजूला काढली जाते. ज्या हवेत तो धूर सोडला, ज्या नदीचा काठ बुजला, ज्या जमिनीवर राख साचली, त्यांच्या झिजेसाठी एक पैसाही धरला जात नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात, आणि मी तो धडा वर्षानुवर्षे शिकवला. पुस्तकात तो एका आकृतीत मावतो. प्रत्यक्षात तो दुर्गापूर, पद्मापूर, भटाडी, घुग्घुस इथल्या कुटुंबांच्या औषधांच्या बिलांत, बुडालेल्या रोजांत आणि शेतातल्या पिकाच्या पानांवर बसलेल्या थरात विखुरलेला असतो. त्याहून मन विषण्ण करणारी गोष्ट अशी की दवाखान्यात झालेला तो खर्च राष्ट्रीय उत्पन्नात भर म्हणून मोजला जातो. खाण आणि वीज यांची मूल्यवृद्धी जिल्हा उत्पन्नाच्या तक्त्यात चंद्रपूरच्या नावावर पडते, म्हणून कागदावर आमचा जिल्हा ऐपतदार दिसतो आणि त्या ऐपतीतला बराचसा पैसा जिल्ह्याबाहेर गेलेला असतो.

आता गाऱ्हाणी मांडते. पहिले गाऱ्हाणे धुराचे, आणि त्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण निर्णय त्याचाच व्हायचा आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये आपल्याच मंत्रालयाने औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा प्रथमच घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. २०१७ उलटले. मुदत २०२२ पर्यंत गेली. मग २०२१ साली केंद्रांचे तीन वर्ग पाडून वेगवेगळ्या तारखा आल्या, २०२२ साली त्या पुढे ढकलल्या, डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तीन वर्षांनी ढकलल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेकांसाठी बंधनच काढले. या दहा वर्षांत ज्यांनी मुदत पाळून यंत्रणा बसवली त्या मोजक्या केंद्रांना शेवटी काय संदेश मिळाला, याचाही विचार व्हावा.

सवलतीसाठी दिलेली कारणे मी लक्षपूर्वक वाचली आहेत. भारतीय कोळशात गंधक कमी असते, हे पहिले कारण. ते खरे आहे. पण टक्केवारीला प्रमाणाने गुणल्याशिवाय ती काहीच सांगत नाही. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर चंद्रपूरचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालल्याच्या दिवशी ४५ ते ५० हजार टन कोळसा जाळते. गंधक केवळ अर्धा टक्का धरले तरी ४५ हजार टनांत ते २२५ टन भरते, आणि जळताना प्राणवायूशी संयोग होऊन त्याचे वजन दुप्पट होते. म्हणजे एका दिवसात सुमारे ४५० टन सल्फर डायऑक्साइड, एका ठिकाणाहून, एका शहराशेजारी. दहावीच्या विज्ञानाचा विद्यार्थी हे गणित करू शकतो.

दुसरे कारण असे दिले जाते की शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइडची पातळी मर्यादेतच आढळते. तीही गोष्ट आकड्यांपुरती खरी आहे. मात्र हा वायू हवेत वायूच्या रूपात फार काळ राहत नाही. त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि मग ते सल्फर डायऑक्साइडच्या रकान्यात न दिसता पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या अतिसूक्ष्म धूलिकणांच्या, रकान्यात दिसतात. हे कण धुराड्यापासून शेकडो किलोमीटर जातात. उंच धुराडी बांधून जवळच्या मापकावरचा आकडा कमी करता येतो, वाऱ्यावर गेलेले कण परत बोलावता येत नाहीत. एका रकान्यातला आकडा दाखवून दुसऱ्या रकान्यातल्या आकड्याबद्दल गप्प राहणे हे शास्त्र नव्हे.

तिसरे कारण खर्चाचे. यंत्रणा महाग आहे, वीज महागेल. हे कारण मी सर्वांत गंभीरपणे घेते, कारण वीज महागली तर काय होते हे वर लिहिलेच आहे. परंतु हा खर्च कायद्यातील बदलामुळे आलेला खर्च म्हणून वीजदरातून वसूल करता येईल, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केले होते. तो राज्यातील सर्व ग्राहकांत विभागला जाईल आणि प्रत्येकाच्या वाट्याला युनिटमागे काही पैसे येतील. आज ती बचत सर्व ग्राहक करतात, आणि तिची भरपाई एका जिल्ह्याची फुप्फुसे करतात. मी स्वतः ते वाढीव पैसे भरायला तयार आहे आणि मला खात्री आहे की नीट समजावून सांगितले तर पुण्या-मुंबईचे बहुतेक ग्राहकही नाही म्हणणार नाहीत. त्यांना आजवर कोणी विचारलेच नाही.

राहता राहिला दहा लाखांचा निकष. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख २० हजार होती. शहर लहान असले तर तिथल्या माणसाला मिळणारे संरक्षणही लहान असावे, असा अर्थ या वर्गीकरणातून निघतो. मोठ्या शहरात बाधितांची संख्या जास्त, म्हणून तिथे आधी काम, हा क्रम मी समजू शकते. क्रम लावणे आणि वगळणे यांत फरक आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे आले. अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद आणि मग आम्ही. जानेवारी २०१० मध्ये नव्या प्रकल्पांना बंदी झाली, कृती आराखडे सादर झाले, बंदी उठली. २०१८ च्या फेरमूल्यांकनातही चंद्रपूर ७० च्या वरच, म्हणजे अतिप्रदूषित वर्गातच राहिले. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीतही नाव आले. प्रत्येक यादीनंतर बैठका झाल्या, आराखडे झाले, रस्ते धुण्याची यंत्रे आली, कारंजी बसली. धुराड्यातून निघणाऱ्या वायूवर उपाय धुराड्यातच करावा लागतो.

दुसरे गाऱ्हाणे राखेचे. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के असते. वरच्याच हिशेबाने तिसरा हिस्सा राख धरली तर पूर्ण क्षमतेच्या दिवशी सुमारे पंधरा हजार टन राख निघते. सिमेंट कारखाने जवळ असल्यामुळे तिचा काही भाग कामी येतो, हे आमचे भाग्य. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला, न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपयांची पर्यावरण भरपाई ठरवली आणि जुनी साठलेली राख एप्रिल २०२२ पासून दहा वर्षांत संपवायला सांगितले. अधिसूचना चांगली आहे. तिच्याप्रमाणे कोणत्या बंधाऱ्यातील किती राख उचलली, किती उरली, भरपाई आकारली का आणि आकारली असेल तर ती कुठे खर्च झाली, हे गावकऱ्यांना समजेल अशा मराठीत, गावकऱ्यांना दिसेल अशा जागी लिहिलेले मला पाहायचे आहे. उन्हाळ्यात राख बंधारा कोरडा पडला की वाऱ्यासोबत काय येते, हे सांगायला त्या परिसरातील कोणत्याही गृहिणीला अहवाल लागत नाही.

नद्या आणि जमीन यांच्याबद्दल थोडक्यात. शहराजवळून वाहणाऱ्या इरई नदीच्या काठाला खाणींतून निघालेल्या मातीचे डोंगर उभे राहिले, पात्र उथळ झाले, आणि २०२२ च्या पावसाळ्यात शहराच्या सखल वस्त्यांनी पुराचे पाणी पाहिले. त्याच इरईवरच्या धरणातले पाणी आटल्यामुळे २०१० च्या उन्हाळ्यात वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. नदी जगली तर वीज केंद्रही चालेल, इतका साधा संबंध आहे. घुग्घुसच्या आमराई वॉर्डात ऑगस्ट २०२२ मध्ये एक राहते घर जुन्या भूमिगत खाणीच्या पोकळीत गडप झाले. कोळसा काढून नेल्यावर खाली जी पोकळी उरते तिचा नकाशा वर राहणाऱ्यांच्या हाती असावा, ही अपेक्षा फार मोठी आहे का?

तिसरे गाऱ्हाणे पैशाचे आहे. २०१० साली केंद्राने कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभारायचा होता. उपकर २०१४ साली १००, २०१५ साली २०० आणि २०१६ साली ४०० रुपये झाला. मला तेव्हा समाधान वाटले होते. प्रदूषण करणाऱ्या इंधनावर कर आणि त्या करातून स्वच्छ पर्याय, ही कल्पना पाठ्यपुस्तकात शोभावी अशी होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि टनामागचे तेच ४०० रुपये राज्यांचा महसूल भरून काढण्यासाठीच्या भरपाई उपकरात गेले. ४५ हजार टनांच्या दिवशी एकट्या चंद्रपूर केंद्राच्या कोळशावर हा उपकर १ कोटी ८० लाख रुपये होतो. हवा शुद्ध करण्याच्या नावाने सुरू झालेला कर आठ वर्षे भलत्याच खात्यात जमा झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो उपकर गेला आणि कोळशावरील जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. या नव्या रचनेत कोळसा जिथून निघतो आणि जिथे जळतो त्या जिल्ह्यांसाठी काहीही राखून ठेवलेले नाही. वीज शुल्कही वीज जिथे वापरली जाते तिथल्या ग्राहकाकडून राज्याच्या तिजोरीत जाते. राज्याचा आणि केंद्राचा वाटा ठरला. जिल्ह्याचा वाटा कोणी ठरवलाच नाही.

याला एकच अपवाद आहे, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. २०१५ च्या कायदादुरुस्तीने खाण घेणाऱ्यांना स्वामित्वधनाच्या तीस टक्क्यांपर्यंत रक्कम खाणबाधित जिल्ह्यासाठी द्यावी लागते. चंद्रपूरला या निधीतून मोठी रक्कम मिळते आणि त्यासाठी मी कायदा करणाऱ्यांची आभारी आहे. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान सत्तर टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, पर्यावरण, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च व्हायला हवी. माझी विचारणा एवढीच आहे की ज्या जिल्ह्यात धूळ आणि धूर हा आरोग्याचा पहिला प्रश्न आहे, तिथे या निधीतून श्वसनविकारांचा सलग, शास्त्रशुद्ध अभ्यास का उभा राहिला नाही? २०१५ पासून चंद्रपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर आहेत, विद्यार्थी आहेत, रुग्ण आहेत आणि निधीही आहे. खाणीलगतच्या शाळेतील मुलांच्या फुप्फुसांची क्षमता दरवर्षी मोजून दूरच्या तालुक्यातील मुलांशी ताडून पाहणे हे काम दहा वर्षांपूर्वीच सुरू व्हायला हवे होते. ते झाले असते तर आज प्रकरण तपासताना आपल्या समितीसमोर ठोस पुरावा असता. पुरावा जमवायचा नाही आणि पुरावा नाही म्हणून निर्णय लांबवायचा, अशा फेऱ्यात आम्ही सापडलो आहोत.

शेवटचे गाऱ्हाणे उद्याचे आहे. चंद्रपूरच्या उरलेल्या २१० मेगावॉटच्या दोन संचांचे वय आता चाळिशीला आले. आज ना उद्या ते थांबतील, आणि थांबावेतही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॉट सौर ऊर्जेचे उद्दिष्ट आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल, त्याला रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या भीतीत मोटार चालू करायला जावे लागणार नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ऊर्जेचा हा नवा नकाशा काढताना जुन्या नकाशावरच्या गावांचे काय होणार, याचा कागद कुठे आहे? संच बंद झाला की कायम कामगाराची बदली होते. कंत्राटी कामगार, कोळशाचे ट्रक चालवणारे, कोपऱ्यावरचा चहावाला, गॅरेजवाला, खानावळ चालवणारी बाई, यांची बदली कुठेच होत नाही. मुंबईच्या गिरण्या बंद झाल्या तेव्हा गिरणगावाचे काय झाले ते या राज्याने पाहिले आहे. त्या वेळी निदान अचानकपणाचे कारण तरी सांगता येत होते. इथे संचांची वये आधीपासून ठाऊक आहेत.

या राज्यात वीज आणि माणूस यांचा प्रश्न आजचा नाही. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज मिळावी म्हणून मुळशीत धरण होऊ लागले, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले, मुंबई उजळली, गावे पाण्याखाली गेली. ती वीज मुंबईला नको होती असे आज कोणी म्हणणार नाही. पण विजेची किंमत कोणी मोजायची हे ती न वापरणाऱ्यांना विचारले गेले नव्हते, एवढे मात्र शंभर वर्षांनंतरही बोचते. तेव्हा परके सरकार होते.

महोदय, आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राच्या प्रत्येक संचासाठी एफजीडी बंधनकारक असल्याचा निर्णय द्यावा आणि मधल्या वर्गासाठी धरलेली डिसेंबर २०२८ ही मुदत अंतिम मानावी. जे संच त्याआधी निवृत्त होणार असतील त्यांची निवृत्तीची तारीख लेखी जाहीर करावी. निवृत्तीचे कारण सांगून यंत्रणा टाळायची आणि नंतर संच चालूच ठेवायचा, असे होऊ नये. हा निर्णय घेण्यापूर्वी तज्ज्ञ समितीने चंद्रपुरात जाहीर सुनावणी घ्यावी, समितीसमोरील सर्व कागदपत्रे सुनावणीच्या किमान एक महिना आधी मराठीत उपलब्ध करावीत, आणि दुर्गापूर-ऊर्जानगर परिसरातील रहिवाशांचे म्हणणे नोंदवून घ्यावे.

प्रत्येक धुराड्यातून निघणारे सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि धूलिकण यांची मोजमापे, संचनिहाय आणि मागील वर्षांसह, कोणालाही पाहता येतील अशी खुली करावीत. शहरातील हवेच्या फलकावर केवळ एक रंग आणि एक आकडा दाखवून भागणार नाही.

राखेचा वार्षिक ताळेबंद बंधाऱ्यागणिक प्रसिद्ध करावा. जुनी राख उचलण्याचे वर्षनिहाय वेळापत्रक द्यावे आणि आकारलेली भरपाई बाधित गावांतच खर्च करावी.

जिल्हा खनिज निधीतून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात श्वसन आरोग्याचे कायम केंद्र सुरू करावे, त्याच्या अभ्यासाचे निष्कर्ष दरवर्षी छापावेत, आणि निधीच्या प्रत्येक कामाची रक्कम व गाव यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. कोळशावरील वाढीव जीएसटीतून कोळसा उत्पादक आणि औष्णिक वीज उत्पादक जिल्ह्यांना कायद्याने ठरलेला वाटा मिळावा, असा प्रस्ताव महाराष्ट्राने जीएसटी परिषदेत मांडावा; झारखंड, छत्तीसगड, ओडिशा ही राज्येही यात आपल्यासोबत उभी राहू शकतील.

इरईच्या काठावरील मातीचे ढिगारे हटवण्याची अथवा स्थिर करण्याची जबाबदारी आणि तारीख निश्चित करावी, तसेच वस्तीखालील जुन्या भूमिगत खाणींचे नकाशे संबंधित ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांना द्यावेत.

आणि चंद्रपूर जिल्ह्यासाठी पुढील पंचवीस वर्षांचा ऊर्जा-संक्रमण आराखडा करावा. कोणता संच कधी थांबेल, कोणती खाण कधी संपेल, त्या जागेवर काय येईल, कंत्राटी कामगारांना कोणते प्रशिक्षण आणि किती काळ आधार मिळेल, हे त्यात असावे. भरलेले राख बंधारे आणि संपलेल्या खाणींच्या जमिनी इथे मोठ्या प्रमाणावर आहेत, उच्चदाबाच्या वाहिन्या आणि उपकेंद्रे उभी आहेत, वीज चालवण्याचे ज्ञान असलेली माणसे तीन पिढ्यांपासून इथे राहतात. सौर प्रकल्प आणि वीज साठवणुकीचे प्रकल्प उभारण्यासाठी याहून तयार जागा शोधायला दूर जावे लागू नये. हा आराखडा करताना कामगार संघटना, ग्रामसभा आणि इथली महाविद्यालये यांना बैठकीच्या टेबलावर जागा द्यावी. माझे जुने विद्यार्थी त्यासाठी आकडेमोड करायला आनंदाने येतील, आणि मीही येईन.

या पत्राची प्रत जिल्हाधिकारी, चंद्रपूर यांच्या कार्यालयात आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देत आहे. प्रत्येक मागणीवर होकार किंवा नकार, आणि नकार असल्यास त्याचे कारण, असे लेखी उत्तर आपल्या दोन्ही कार्यालयांकडून मिळावे, ही विनंती.

आपली,
अर्थशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
चंद्रपूर